कोलेस्टेरॉलची गोळी घेतली की तेच एन्झाइम वाढतं? हे काय गौडबंगाल आहे?

ढब्बूमिरची (धागाकर्ता) | सोम, रात्री १०:४२

मंडळी, दिवाळीचा फराळ अंगाशी आला. एलडीएल (तेच ते वाईट कोलेस्टेरॉल) १६८. डॉक्टरांनी रोसुवास्टॅटिन १० सुरू केली आहे, गोळी मुकाट घेतोय, तिच्याबद्दल काही म्हणणं नाही. म्हणणं वेगळंच आहे.

भाची एमेस्सी बायोकेमिस्ट्रीला आहे. ती घरी आली होती तेव्हा तिच्या नोट्स चाळत बसलो. एका ओळीत लिहिलंय की स्टॅटिन हे एचएमजी-कोए रिडक्टेज नावाच्या एन्झाइमला अडवतं. बरं. पुढच्याच ओळीत लिहिलंय की स्टॅटिन दिल्यावर पेशीतलं हेच एन्झाइम कित्येक पटींनी वाढतं, कारणांपैकी एक म्हणजे "डिग्रेडेशन मंदावतं", म्हणजे पेशी ते मोडते कमी. भाचीला विचारलं तर म्हणे, "मामा, पेपर झाले की सांगते."

तर प्रश्न दोन.
पहिला: ज्याला अडवायचं तेच वाढणार असेल तर मी गोळी कशाला खातोय?
दुसरा: पेशी स्वतः बनवलेलं एन्झाइम स्वतःच मोडते कशाला? नको असेल तर बनवू नये ना. बनवायचं आणि तासाभरात तोडायचं, हे म्हणजे आमच्या गल्लीतलं पालिकेचं काम झालं. आज डांबर, उद्या खोदकाम.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. अजाणकारांनीही टाकायला हरकत नाही, तसंही टाकतातच.

निद्रानाश | सोम, रात्री १०:५१

वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (लोणी न घालता, एलडीएलचा मान राखून.)

कट्टेकरी_भाऊ | सोम, रात्री ११:०५

फार्मा कंपन्यांचा डाव आहे. एन्झाइम वाढवायचं म्हणजे गोळी जन्मभर. सकाळी जवसाची चटणी खा.

ढब्बूमिरची | सोम, रात्री ११:०९

@कट्टेकरी, खातो. एलडीएल १६८ हे जवसासकट आहे.

गवतीचहा | मंगळ, सकाळी ८:१२

ढब्बूकाका, प्रश्न झकास आहे. दुसऱ्यापासून सुरू करते, कारण त्याचं उत्तर आलं की पहिला अर्धा सुटतो.

पेशी कोलेस्टेरॉल असिटाइल-कोएपासून बनवते, तीसेक पायऱ्यांनी. त्यातली चावी असलेली पायरी म्हणजे हे रिडक्टेज. माणसात ८८८ अमिनो आम्लांचं. त्याचा मागचा अर्धा भाग काम करतो. पुढचा अर्धा एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या पटलात आठ वेळा आरपार विणलेला असतो आणि काम म्हणाल तर काडीचं करत नाही. मग तो आहे कशाला? तर तो पहारेकरी आहे. पटलात स्टेरॉल (कोलेस्टेरॉल आणि त्याचे भाऊबंद रेणू) वाढले की त्याला कळतं.

कळल्यावर जे होतं ते असं: इन्सिग नावाचं दुसरं प्रोटीन येऊन त्या पटलातल्या भागाला चिकटतं. इन्सिगसोबत युबिक्विटिन लायगेज असतं. ते रिडक्टेजवर युबिक्विटिनची साखळी चढवतं. युबिक्विटिन म्हणजे ७६ अमिनो आम्लांचं पिटुकलं प्रोटीन, "याला मोडा" अशी खूण. मग व्हीसीपी नावाचं यंत्र एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) जाळून रिडक्टेजला पटलातून अक्षरशः उपटून काढतं आणि प्रोटिआझोम, म्हणजे पिंपासारखी पोकळ रचना, त्याचे तुकडे करते. स्टेरॉल कमी असताना रिडक्टेजचं अर्धायुष्य (निम्मं मोडायला लागणारा वेळ) दहा-बारा तासांच्या घरात असतं. स्टेरॉल भरपूर असले की तासाच्याही खाली येतं.

आता "बनवायचंच कमी करावं" याबद्दल. पेशी तेही करते, आणि त्यातही इन्सिगच आहे. तेच इन्सिग स्कॅप-एसआरईबीपी या जोडीला धरून ठेवतं, म्हणजे रिडक्टेजचं जीन चालू करणारा निरोप केंद्रकापर्यंत जात नाही. पण नुसतं बनवणं थांबवलं तर आधी बनलेलं एन्झाइम कामाला लागलेलंच असतं ना? ते दिवसभर कोलेस्टेरॉल ओतत राहणार. पेशीत मुक्त कोलेस्टेरॉल साठणं पटलांना घातक असतं, एवढी वाट बघायला तिला सवड नाही.

तुमच्या गल्लीतल्या खोदकामाला वेळापत्रक नसतं काका, इथे असतं.

ढब्बूमिरची | मंगळ, सकाळी ८:४०

दंडवत घ्या. दोनदा वाचलं. "पहारेकरी अर्धा" ही भानगड भारी आहे.

मीटर_डाउन | मंगळ, सकाळी ९:२६

गवतीचहा यांना अनुमोदन. इंजिनियर आहे, बायो दहावीनंतर सोडलं, पण यातला हिशेब मला फार आवडतो म्हणून लिहितो.

कुठल्याही प्रोटीनची स्थिर पातळी = बनण्याचा वेग भागिले मोडण्याचा दर. इथवर सगळ्यांना पटतं. पण पातळी एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला किती वेळ लागेल, हे फक्त मोडण्याच्या दरावर ठरतं. बनण्याचा वेग त्यात येतच नाही!

उदाहरण घ्या. चार दिवसांचं अर्धायुष्य असलेलं एन्झाइम. आज त्याचं उत्पादन पूर्ण बंद केलं तरी उद्या याच वेळी ८४ टक्के शिल्लक. आता एका तासाचं अर्धायुष्य असलेलं घ्या. चार तासांत ६ टक्क्यांवर. म्हणजे ज्याची पातळी पटापट बदलायची आहे, ते सतत मोडत राहणं हाच एकमेव मार्ग. उधळपट्टी वाटते, पण चपळाईची ती किंमत आहे. कंट्रोल सिस्टिम शिकवताना हे उदाहरण कुणी का देत नाही कोण जाणे.

निद्रानाश | मंगळ, सकाळी ९:३१

कारण कंट्रोल सिस्टिम शिकवणाऱ्यांनीही बायो दहावीनंतर सोडलेलं असतं.

अणुरेणू | मंगळ, दुपारी १२:१८

थोडा विरोधी सूर लावतो. वरचं सगळं बरोबर आहे, पण वाचून असं वाटेल की पेशी चयापचय मुख्यतः प्रोटीनं मोडून चालवते. तसं नाही. ग्लायकोलिसिसमधली (ग्लुकोज मोडून ऊर्जा काढण्याच्या वाटेवरची) बहुतेक एन्झाइम दिवसच्या दिवस टिकतात. त्यांचं नियंत्रण एटीपी, सायट्रेट, फ्रुक्टोज-२,६-बिसफॉस्फेट असल्या छोट्या रेणूंनी क्षणार्धात होतं. फॉस्फेट चिकटवणं-काढणं मिनिटांत होतं आणि ते उलटवताही येतं. खुद्द या रिडक्टेजलाही एएमपीके (ऊर्जा कमी पडली की जागं होणारं एन्झाइम) फॉस्फेट लावून ढिलं करतं. मोडणं म्हणजे शेवटचा उपाय: महागडा, संथ, आणि परतीचा रस्ता नाही. तो थोड्याच मोक्याच्या जागी वापरतात. बायोलॉजीत युबिक्विटिनची जरा फॅशनच आहे.

गवतीचहा | मंगळ, दुपारी १:४७

@अणुरेणू, फॅशन आहे हे मान्य, थिसिस त्याच्याच जोरावर झाला माझा. :)

पण "किंवा" नसतं हो, "आणि" असतं. यीस्टचं उदाहरण बघा. यीस्टला इथेनॉल किंवा असिटेटवर वाढवलं की ग्लुकोज घरीच बनवावं लागतं, म्हणून ते फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फटेज (पुढे नुसतं बिसफॉस्फटेज म्हणते) तयार करून ठेवतं. आता त्यात ग्लुकोज टाका. पहिल्या काही मिनिटांत तेच होतं जे तुम्ही म्हणता: छोटे रेणू एन्झाइमला दाबतात, फॉस्फेट लागतं, काम थंडावतं. पण यीस्ट तिथे थांबत नाही. गिड नावाचं भलंमोठं लायगेज संकुल त्या बिसफॉस्फटेजवर युबिक्विटिन चढवतं आणि त्याचं अर्धायुष्य अर्ध्या तासाच्या आसपास येतं.

दाबून ठेवलं होतं तर मोडायचं कशाला? कारण दाबणं शंभर टक्के नसतं. ग्लायकोलिसिस एका बाजूने फ्रुक्टोज-६-फॉस्फेटवर एटीपी खर्चून फॉस्फेट लावणार आणि हे बिसफॉस्फटेज दुसऱ्या बाजूने ते काढत बसणार. हाती शून्य, एटीपी स्वाहा. तासन्‌तास ग्लुकोज मिळणार अशी खात्री झाली की विरुद्ध दिशेचं एन्झाइम ठेवण्यात अर्थ नाही. म्हणजे मिनिटांसाठी दाबणं, तासांसाठी मोडणं. जर्मनीत हेल्मुट होल्झर यांच्या प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात यावर काम सुरू झालं, पुढे डीटर वुल्फ यांनी ते प्रोटिआझोमपर्यंत नेलं. आणि हे गिड यीस्टपुरतं नाही, त्याचा भाऊबंद आपल्या पेशींतही आहे.

अणुरेणू | मंगळ, दुपारी २:०३

"मिनिटांसाठी दाबणं, तासांसाठी मोडणं" यावर तह मान्य.

खमंग_काकडी | मंगळ, दुपारी ३:३०

म्हणजे एकादशीला उपवास केला की पेशी स्वतःचा कचरा खाते आणि शुद्ध होते, हे खरंच आहे तर! जपानी शास्त्रज्ञाला उपवासावर नोबेल मिळालं असा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर पंधरा दिवसांनी येतो. आपल्या पूर्वजांना माहीत होतं.

निद्रानाश | मंगळ, दुपारी ३:३४

आला. मी म्हटलंच होतं पन्नास प्रतिसादांच्या आत येणार.

मिठागर | मंगळ, दुपारी ४:१५

खमंगताई, त्या मेसेजमध्ये एक कण खरा आहे, म्हणून तो मरत नाही.

योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं ते ऑटोफॅजीच्या यंत्रणेसाठी, म्हणजे पेशी आपलेच भाग पिशवीत गुंडाळून पचवते ती प्रक्रिया आणि तिची जीन्स. उपाशी ठेवलेलं होतं ते यीस्ट. माणूस नव्हे, एकादशीही नव्हे. उपाशी पेशीत ऑटोफॅजी वाढते हे खरं. अमिनो आम्लं आणि इन्सुलिन भरपूर असलं की एमटॉर (अन्न मुबलक आहे का हे ओळखणारं प्रोटीन) चालू राहतं आणि ते ऑटोफॅजीला दाबून धरतं. दोन्ही घटले की पकड सुटते.

आता तुम्हीच सांगा, साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट, बटाट्याची भाजी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस आणि संध्याकाळी केळ्याची शिकरण, एवढ्यावर इन्सुलिन कुठे खाली येणार?

खमंग_काकडी | मंगळ, दुपारी ४:२२

खिचडीबद्दल एक शब्द ऐकून घेणार नाही. 😤

सोलापुरी_चादर | मंगळ, दुपारी ४:२९

खिचडीत हिरवी मिरची की लाल तिखट, यावर वेगळा धागा काढावा ही नम्र विनंती.

मिठागर | मंगळ, दुपारी ४:५०

एक मुद्दा राहिला. ऑटोफॅजी आणि प्रोटिआझोम हे दोन वेगळे मार्ग आहेत, धाग्यात सरमिसळ होऊ नये. ऑटोफॅजीत माल लायसोझोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचनाच्या पिशवीत जातो. तिथे अख्खं मायटोकॉन्ड्रियनही (पेशीचं ऊर्जाघर) पचतं आणि निवड बऱ्याचदा ढोबळ असते. प्रोटिआझोमकडे एकेक प्रोटीन नेम धरून पाठवलं जातं. नेम धरण्याचं काम लायगेजांचं. माणसात ती सहाशेच्या वर आहेत, आणि ढब्बूकाकांच्या दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर या सहाशेंमध्ये आहे: कोणाला, कधी, कुठल्या इशाऱ्यावर.

बेळगावकर_म्हातारा | मंगळ, रात्री ९:१०

धागा वाचून निवृत्तीनंतर पहिल्यांदा वर्गात उभं राहिल्यासारखं वाटलं, तेव्हा थोडा इतिहास. कंटाळा आला तर खिचडीच्या धाग्यावर जा.

१९३० च्या दशकापर्यंत समज असा की शरीरातली प्रोटीनं एकदा बनली की टिकतात, आणि आहारातली प्रोटीनं इंधन म्हणून जळून लघवीवाटे जातात. रुडॉल्फ शोएनहाइमर हे जर्मनीतून १९३३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात आले. त्यांनी जड नायट्रोजन (वस्तुमान १५) लावलेलं ल्युसिन प्रौढ उंदरांना खाऊ घातलं. उंदरांची वाढ थांबलेली, म्हणजे नव्या प्रोटीनची गरज दिसायला काही नाही. तरी निम्म्याहून अधिक जड नायट्रोजन शरीराच्या प्रोटीनांत जाऊन बसला. वजन जागच्या जागी, आणि आत सगळं घडतंय-मोडतंय. माणसात आज धरतात ते रोज साधारण २५० ते ३०० ग्रॅम प्रोटीन मोडतं आणि तेवढंच नव्याने बनतं. आपण खातो त्याच्या तीन-चार पट.

पुढचं कोडं १९५३ चं. मेल्व्हिन सिम्पसन यांनी यकृताच्या चकत्यांवर दाखवलं की प्रोटीन मोडायला ऊर्जा लागते. रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला हे खटकायलाच हवं! पेप्टाइड बंध पाण्याने तोडताना ऊर्जा सुटते, लागत नाही. पोटातलं पेप्सिन एटीपी मागतं का? मग पेशीत का लागावी?

उत्तर हायफाच्या टेक्निऑनमध्ये मिळालं. अवराम हर्श्को आणि त्यांचे विद्यार्थी एरन चिखानोव्हर यांनी सशाच्या रेटिक्युलोसाइट, म्हणजे कोवळ्या तांबड्या पेशी घेतल्या, कारण त्यांत लायसोझोम नसतात आणि तरी एटीपी घालून प्रोटीन मोडतं. अर्काचे दोन भाग केले. एका भागात हिमोग्लोबिन ठासून भरलेलं, ते काढता निघेना. शेवटी त्यांनी तो भाग सरळ उकळला. हिमोग्लोबिन साकळून खाली बसलं, आणि वरच्या स्वच्छ पाण्यात क्रिया शाबूत! उकळूनही न मरणारा तो घटक म्हणजे युबिक्विटिन. १९८० पर्यंत फिलाडेल्फियाच्या अर्विन रोझ यांच्यासोबत त्यांनी दाखवलं की तो घटक मोडायच्या प्रोटीनला पक्का जोडला जातो. एटीपी लागतो तो निवड करायला, खूण चढवायला, आणि नंतर प्रोटीन उलगडून पिंपात ढकलायला. तिघांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल.

पालिकेच्या खोदकामावर ढब्बूरावांचा राग आहे, पण इथे खर्च कुदळीचा नाही, कुठे खणायचं हे ठरवण्याचा आहे.

गवतीचहा | मंगळ, रात्री ९:३३

सर, __/\__ . शेवटचं वाक्य माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार.

बावळट_बॉडीबिल्डर | मंगळ, रात्री १०:०२

रोज ३०० ग्रॅम बनतंय तर मी व्हेला महिन्याला एवढे पैसे का घालवतोय?

मिठागर | मंगळ, रात्री १०:२०

कारण मोडलेलं बरंचसं परत वापरलं जातं, सगळं नाही. जो तुटवडा पडतो तो जेवणातून भरायचा. डाळ, दूध, अंडी चालतात हो, डबाच लागतो असं नाही.

आणि तुमच्या कामाची गोष्ट: स्नायू हे शरीराचं अमिनो आम्लांचं कोठार आहे. उपासमार, मोठा आजार, लांबलेलं अंथरूण, यात ॲट्रोजिन-१ आणि मर्फ-१ ही दोन लायगेज वाढतात आणि स्नायूची प्रोटीनं प्रोटिआझोमकडे जातात. दोन्ही २००१ मध्ये सापडली. त्यातून सुटलेल्या ॲलॅनिन वगैरे अमिनो आम्लांपासून यकृत ग्लुकोज बनवतं. प्लास्टर काढल्यावर पाय काडीसारखा दिसतो त्यात यांचा हात आहे.

फणसाचे_गरे | मंगळ, रात्री ११:१५

स्नायूंचा विषय निघालाच आहे तर विचारते. सासऱ्यांना ॲटॉर्वास्टॅटिन सुरू केल्यापासून पोटऱ्या दुखतात म्हणतात. हेच कारण का? वर लिहिलंय की एन्झाइम वाढतं, ते स्नायूत साठतं का?

मिठागर | बुध, सकाळी ७:३५

फणसताई, ऑनलाइन निदान करणार नाही. दुखणं खरं असेल तर त्यांच्या डॉक्टरांना सांगा, सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) तपासून घेतील. गोळी मनाने बंद करू नका. हृदयाचा इतिहास असेल तर मुळीच नाही.

सर्वसाधारण सांगतो. लंडनमध्ये सॅमसन नावाची चाचणी झाली, २०२० ला प्रसिद्ध झाली. स्टॅटिनने त्रास होतो म्हणून सोडलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने हुबेहूब दिसणारी खोटी गोळी, काही महिने काहीच नाही, असं आलटून पालटून दिलं. स्टॅटिनवर होणाऱ्या त्रासाचा ९० टक्के भाग खोट्या गोळीवरही झाला. त्रास खरा होता, पण त्याचं कारण बहुतांशी गोळीतलं रसायन नव्हतं. नंतर निम्म्या लोकांनी स्टॅटिन परत सुरू केलं.

तरी खरा स्नायूंचा आजार होतो, क्वचित. त्यातला एक तुमच्या प्रश्नाला चाटून जातो. फार थोड्या लोकांत शरीर याच रिडक्टेजविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं आणि स्नायू झडू लागतात. गोळी बंद केली तरी तो थांबत नाही, वेगळे उपचार लागतात. एन्झाइम वाढल्यामुळे प्रतिकारयंत्रणेच्या नजरेत येतं असा अंदाज मांडला जातो. अंदाज म्हणूनच घ्या.

तळ्यातमळ्यात | बुध, सकाळी ११:४०

थोडं अवांतर, पण इथेच बसतं. काका बरीच वर्षं मूत्रपिंडाचे रुग्ण आहेत, हिमोग्लोबिन कायम आठाच्या आसपास. पूर्वी एरिथ्रोपोएटिनचं (तांबड्या पेशी वाढवणारं संप्रेरक) इंजेक्शन लागायचं, आता डॉक्टरांनी डेसिडुस्टॅट नावाची गोळी दिली आहे. पत्रकात लिहिलंय की ती "हिफ स्थिर करते". हे प्रोटीन मोडणं थांबवण्याचंच प्रकरण का?

गवतीचहा | बुध, दुपारी १२:२५

अगदी तेच! हिफ-१ अल्फा हे प्रोटीन पेशी सतत बनवते आणि सतत मोडते. भरपूर ऑक्सिजन असताना त्याचं अर्धायुष्य पाचेक मिनिटांचं असतं. ऑक्सिजन वापरून एक एन्झाइम त्याच्या प्रोलीनवर हायड्रॉक्सिल लावतं, ते दिसलं की व्हीएचएल नावाचं लायगेज पकडतं, पुढे प्रोटिआझोम. ऑक्सिजन कमी पडला की हायड्रॉक्सिल लागत नाही, हिफ तगतं, केंद्रकात जातं आणि पेशीचा सगळा कारभार बदलतं: ग्लायकोलिसिसची एन्झाइम वाढतात, मायटोकॉन्ड्रियाकडे जाणारं इंधन कमी होतं, एरिथ्रोपोएटिन बनतं. लेह-लडाखला गेल्यावर शरीर जे जुळवून घेतं त्यात हा भाग मोठा आहे. कायलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल यासाठीच.

काकांची गोळी त्या हायड्रॉक्सिल लावणाऱ्या एन्झाइमला अडवते. शरीराला वाटतं ऑक्सिजन कमी आहे, आणि ते एरिथ्रोपोएटिन बनवू लागतं. ही गोळी अहमदाबादच्या झायडसची, भारतात २०२२ मध्ये मान्यता मिळाली.

@मीटर_डाउन, तुमचा हिशेब इथे लावून बघा. पाच मिनिटांत मोडणारं प्रोटीन दिवसरात्र बनवत राहायचं, कशासाठी? तर श्वास कोंडला की जीन चालू होण्याची वाट बघावी लागू नये म्हणून. मोडणं थांबवलं की झालं.

मीटर_डाउन | बुध, दुपारी १२:३१

आहाहा. दिवस सार्थकी.

ढब्बूमिरची | बुध, रात्री ८:५५

मंडळी, एकादशी झाली, लडाख झालं, व्हे झालं. माझा पहिला प्रश्न अजून तसाच आहे. मी गोळी कशाला खातोय?

मिठागर | बुध, रात्री ९:४०

घ्या काका.

एन्झाइम वाढतं, पण बहुतेकाच्या तोंडात बूच बसलेलं असतं. एचएमजी-कोए, म्हणजे या एन्झाइमचा नेहमीचा कच्चा माल, त्याच्यापेक्षा स्टॅटिन त्या जागी हजार पटींहून घट्ट बसतं. डॅलसमध्ये ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांच्या प्रयोगशाळेत हॅम्स्टरच्या पेशी कॉम्पॅक्टिनमध्ये (अकिरा एंडो यांनी बुरशीतून काढलेलं पहिलं स्टॅटिन) वाढवल्या, तेव्हा काही पेशी तगल्या त्या रिडक्टेज शेकडो पटींनी वाढवून. इतकं, की ते मावायला पटलाच्या नळ्यांचे स्फटिकासारखे गठ्ठे तयार झाले, सूक्ष्मदर्शकात सरळ दिसणारे. त्यात तीन गोष्टी एकवटतात: जीन जोरात चालतं, त्याच्या निरोपावरून प्रोटीन बनणं (भाषांतर) वाढतं, आणि स्टेरॉल कमी म्हणून इन्सिग चिकटत नाही, मोडणं मंदावतं. भाचीच्या नोट्समधली ओळ हीच.

पण तुमचा फायदा दुसरीकडेच आहे. यकृताच्या पेशीला स्टेरॉल कमी पडले की एसआरईबीपी सुटतं आणि एलडीएल रिसेप्टरचं जीनही चालू करतं. रिसेप्टर वाढले की रक्तातलं एलडीएल यकृत ओढून घेतं. तुमचा आकडा उतरतो तो मुख्यतः या ओढण्याने. म्हणजे एन्झाइम वाढवणारी जी प्रतिक्रिया तुम्हाला गौडबंगाल वाटली, तिच्याच दुसऱ्या टोकाला औषधाचा गुण आहे.

ढब्बूमिरची | बुध, रात्री ९:५८

अरेच्चा! मग डोस दुप्पट केला तर रिसेप्टर दुप्पट?

मिठागर | बुध, रात्री १०:३०

इथे परत मोडणं आडवं येतं. एसआरईबीपी आणखी एक जीन चालू करतं, पीसीएसके९. एलडीएल रिसेप्टर साधारण दहा मिनिटांत एक खेप करतो: माल घेऊन आत, माल सोडून परत वर, अशा शेकडो खेपा. पीसीएसके९ चिकटलं की तो आत जाऊन परतत नाही, लायसोझोममध्ये मोडला जातो. म्हणजे स्टॅटिन रिसेप्टर वाढवतं आणि रिसेप्टर मोडणाऱ्यालाही वाढवतं. डोस दुप्पट केला की एलडीएल जेमतेम ६ टक्के आणखी उतरतं, याची जी कारणं दिली जातात त्यात हे एक. रोसुवा १० ने साधारण ४५ टक्के, २० ने पन्नासच्या थोडं वर.

म्हणून डॉक्टर डोस चढवत बसण्यापेक्षा इझेटिमाइब (आतड्यात कोलेस्टेरॉल शोषणं कमी करणारी गोळी) जोडतात. आणि फारच गरज असेल तर पीसीएसके९ ला धरणारी इंजेक्शनं, २०१५ पासून आहेत. त्यांची कल्पना पक्की झाली ती माणसांकडे बघून. डॅलसमध्येच कोहेन आणि हॉब्स यांना काही लोक सापडले ज्यांच्या पीसीएसके९ जीनची एक प्रत जन्मतःच निकामी होती. २००६ च्या त्यांच्या अभ्यासात अशा कृष्णवर्णीयांचं एलडीएल २८ टक्के कमी होतं, पण हृदयधमनीचा आजार ८८ टक्के कमी. फरक जन्मभराचा असल्यामुळे.

अणुरेणू | बुध, रात्री १०:४४

आणि जेवणाचा संबंधही आहे. वूहान विद्यापीठातल्या बाओ-लियांग सोंग यांच्या गटाने २०२० मध्ये उंदरांत दाखवलं की जेवणानंतर इन्सुलिन आणि ग्लुकोजमुळे एमटॉर यूएसपी२० नावाच्या एन्झाइमला चालना देतं. ते रिडक्टेजवरचं युबिक्विटिन काढून टाकतं, म्हणजे रिडक्टेज वाचतं आणि कोलेस्टेरॉल बनतं. खूण चढवणारे आहेत तसे पुसणारेही. (माझी कालची "परतीचा रस्ता नाही" ही ओळ पिंपात शिरल्यानंतरची समजावी.)

खमंग_काकडी | बुध, रात्री १०:५२

म्हणजे खिचडी खाल्ली की रिडक्टेज वाचतं. एकादशीचं पुण्य रिडक्टेजला.

कट्टेकरी_भाऊ | बुध, रात्री ११:०१

गोळी रात्रीच घ्यायची असते म्हणे, ते तरी खरं की तोही डाव?

मिठागर | बुध, रात्री ११:१२

सिम्वास्टॅटिनला खरं, ते शरीरात फार टिकत नाही आणि कोलेस्टेरॉल रात्री जास्त बनतं. ॲटॉर्वा आणि रोसुवा लांब टिकतात, कधीही घ्या, फक्त रोज घ्या.

कोकमसरबत | गुरु, सकाळी ६:५०

पत्रकात ग्रेपफ्रूट खाऊ नका लिहिलेलं असतं. ते आमच्याकडे कोण खातं? पण गणपतीत पपनस मात्र घरोघरी. ते चालतं का?

गवतीचहा | गुरु, सकाळी ९:०५

कोकमताई, धाग्याला साजेसा प्रश्न! ग्रेपफ्रूट हे पपनस आणि संत्र्याचं संकरित पोर आहे, आणि त्यातली ती रसायनं (फ्युरॅनोकुमारिन) पपनसातही असतात, जातीनुसार कमी-जास्त. ती आतड्यातलं सीवायपी३ए४ कायमचं बिघडवतात. हे एन्झाइम काही औषधं रक्तात जाण्याआधीच मोडतं. १९९७ मधल्या एका अभ्यासात ग्रेपफ्रूटचा रस प्यायलेल्यांच्या आतड्यात हे प्रोटीन ६२ टक्क्यांनी घटलेलं दिसलं, पण त्याचं एमआरएनए (ते बनवायचा जीनचा निरोप) होतं तेवढंच. म्हणजे बनवणं चालूच, बिघडलेलं एन्झाइम पेशी मोडून टाकत होती. नवीन बनेपर्यंत एक ते तीन दिवस जातात, म्हणून "सकाळी पपनस, रात्री गोळी" ही युक्ती चालत नाही.

सिम्वा आणि ॲटॉर्वा याच वाटेने जातात, सिम्वाला जास्त फरक पडतो. रोसुवाला नाही.

फणसाचे_गरे | गुरु, सकाळी ९:२०

सासऱ्यांना ॲटॉर्वा आहे आणि गणपतीत अर्धं पपनस एकटे खातात. डॉक्टरांना विचारते.

ढब्बूमिरची | गुरु, सकाळी ९:४१

माझं रोसुवा. यंदा फणसताईंच्या सासऱ्यांच्या वाटचं पपनस इकडे पाठवावे.